उदुलीच्या दारातला ओंडका

व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी एक बीळ. बिळात राहायची पाणमांजर आई आणि तिची पोर उदुली. उदुली एवढीशी! मऊमऊ, तपकिरी.

एकदा उदुली बाहेर आली. तेवढ्यात काठावरून ओंडका घरंगळला. गड गड गड... धप्प! बसला थेट बिळाच्या दारात.

आई आत. उदुली बाहेर. आतून आई शीळ घाली, "चीं... चीं..." वर आभाळ काळंकाळं. बिचारी उदुली!

"ओंडक्या ओंडक्या, बाजूला हो. आई भेटेना!"

"मी नाही! पाण्यानं ढकललं तर हलेन."

लुटुलुटु लुटुलुटु उदुली गेली पाण्याकडे. पाणी होतं वर, बांधामागे अडलेलं.

"पाण्या पाण्या, ओंडका ढकल. ओंडका हलेना, आई भेटेना!"

"मी नाही! बांधाची फळी निघाली तर येईन."

लुटुलुटु लुटुलुटु उदुली गेली तातूकाकांकडे. फळी काढायचं काम त्यांचं.

"काका काका, फळी काढा. पाणी येईना, ओंडका हलेना, आई भेटेना!"

"नाय गो बाय! भाताचो वाफो भरल्याशिवाय फळी काढूची नाय. गावाची रीतच ती."

ज्याला त्याला आपापलं! उदुलीची कुणाला पडलीये?

लुटुलुटु लुटुलुटु उदुली गेली वाफ्याकडे.

"वाफ्या वाफ्या, लवकर भर. फळी निघेना, पाणी येईना, ओंडका हलेना, आई भेटेना!"

"मी कसा भरू? खेकडा माझ्या बांधाला भोक पाडतो. सगळं पाणी गळतं. तो गेला तर भरेन."

लुटुलुटु लुटुलुटु उदुली गेली खेकड्याकडे.

"खेकड्या खेकड्या, भोक सोड. वाफा भरेना, फळी निघेना, पाणी येईना, ओंडका हलेना, आई भेटेना!"

खेकडा हसला. "जा गं! मी भितो तुझ्या आईला. तू कोण चिमुरडी?"

उदुलीला रडूच फुटलं. खेकडे धरायची आई. उदुलीला कुठं येत होतं?

दुरून शीळ आली. "चीं..." अगदी बारीक.

उदुलीनं भोकात हात घातला. चिखल चाचपला. खेकड्यानं काढला चिमटा. आई गं! पण उदुलीनं सोडलं नाही. कुडुम कुडुम! खाऊन टाकला.

खेकडा गेला, भोकात चिखल बसला. चिखल बसला, वाफा भरला. वाफा भरला, फळी निघाली. फळी निघाली, पाणी आलं. खळखळ खळखळ! पाणी आलं, ओंडका हलला. डुगडुग डुगडुग... गेला वाहून!

आई भेटली! आईनं उदुलीचं तोंड हुंगलं.

"खेकडा धरलास? एकटीनं?"

"हो."

"मग आता दूध नाही हं, बाळा. मोठी झालीस तू."

उदुली खूप रडली. आईसुद्धा रडली. मग दोघी बिलगून निजल्या.

एवढीच उदुलीची गोष्ट. डोळे पुसा, आणि तुम्हीही निजा.