लाल का हिरवं

"आप्पा, एवढंच सांगा… लाल का हिरवं?"

आप्पा चिंचा फोडत बसले होते. एक फोडली, चिंचोके सुपात, गर परातीत. दुसरी उचलली.

"आप्पा, मी विचारायलोय."

"ऐकलं की."

"मग?"

आप्पांनी हातातली चिंच फोडली.

मन्मथ पुन्हा पडवीत फेऱ्या मारू लागला. या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि परत. पिंजऱ्यातलं जनावरसुद्धा मधे कुठं टेकतं. हा टेकत नव्हता.

फरशीवर आप्पांच्या भगव्या पंच्यावर दोन ग्राफिक्स कार्डं ठेवली होती. विटेएवढी, अंगावर पंखे असलेली. कॉम्प्युटरच्या पोटात बसतात आणि गेमचं चित्र पडद्यावर पळवतात. एक लाल पट्ट्यांचं: फाइव्ह एटी, आठ जीबी मेमरीचं. दुसरं हिरव्या खुणेच्या कंपनीचं: टेन सिक्स्टी, सहा जीबीचं. दोन्हींचा जमाना होऊन गेलेला. पण ज्याच्या मशीनमध्ये कार्डाची जागाच रिकामी, त्याला जमान्याशी काय करायचंय?

टेकडीवरच्या मठात अशी वस्तू आली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. लातूरच्या एका डॉक्टरांचं पोरगं गेमच्या नादी लागलं. डॉक्टरसाहेब नवस बोलले. आणि एका सकाळी, पोरगं झोपेत असताना, त्याच्या मशीनमधलं एक आणि कपाटातलं एक अशी दोन्ही कार्डं उचलून त्यांनी मठात आणून वाहिली. बापानं घरात केलेल्या चोरीला संस्कार म्हणतात. पोरगं आता मोबाइलवर खेळतं, ते सोडा.

मठ सांभाळणाऱ्या आप्पांनी गावात निरोप धाडला. कुणाच्या कामाचं असेल तर न्यावं.

दोघं उठले. मन्मथ आणि संगमेश.

आप्पा म्हणाले, "दोन पोरं, दोन वस्तू. एकेक घ्या. मन्मथ आधी आला, त्यानं आधी निवडावं. उरलेलं संगमेशला."

इथंच सगळा घोळ झाला.

कारण हे दोघं एके काळी एका टीमचे. एका ताटात जेवणारे. मग लातूरच्या गेमिंग स्पर्धेत, फायनलला, हरले. आणि संगमेश सगळ्यांसमोर, माइकवर म्हणाला, "हरलो ते मन्म्याच्या डबड्यामुळं." लोक हसले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

आता निवड मन्मथच्या हातात होती. आयुष्यात पहिल्यांदा संगमेशला मन्मथचं उरलेलं मिळणार होतं. एवढं हाताशी आल्यावर चुकून कसं चालेल?

म्हणून त्यानं सकाळीच अख्खं मशीन उचलून टेकडीवर आणलं होतं. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, वायरींचा गुंता. आधी लाल घालून गेम चालवला. मग हिरवं घालून. मग पुन्हा लाल. आता ऊन कलायला लागलं होतं.

"बघा आप्पा," तो उकिडवा बसला. "फ्रेम म्हणजे एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं पळतात ते. कळलं?"

"हं."

"ह्या गेमात लाल चार-पाच फ्रेम पुढं. त्या गेमात हिरवं तेवढंच पुढं. तिसऱ्यात दोघं सारखेच. बाजारात भाव पण जवळजवळ एकच."

"दिसतो का फरक? डोळ्याला?"

"डोळ्याला नाही. कोपऱ्यात आकडा येतो, त्यात दिसतो."

"मग खेळताना कोपऱ्यात बघतोस?"

"हे असलं बोलू नका, आप्पा. कॅलेंडरवर छापतात हे असलं."

आप्पा हसले. पुढची चिंच उचलली.

मन्मथनं लाल कार्ड पुन्हा मशीनमध्ये बसवलं. गेम सुरू झाला. रस्ता आला, गाड्या आल्या, पूल आला. पुलावर स्फोट झाला आणि मशीन खटकन बंद.

मघाशीही इथंच बंद पडलं होतं. त्याआधीही.

"मठाचं व्होल्टेज कमी आहे," मन्मथ म्हणाला.

आप्पांनी वर पाहिलं. पंखा गरगरत होता.

"पंख्याचं वेगळं असतं!"

"असंल बाबा."

आप्पांनी आणखी एक चिंच उचलली. "हिरव्याला बंद पडलं का?"

मन्मथ उगाच वायरी दाबून बघू लागला. त्याला सगळं माहीत होतं. कॅबिनेटमध्ये मागच्या बाजूला एक डबा असतो. त्याला एसएमपीएस म्हणतात. तो सगळ्या मशीनला वीज वाढतो. मन्मथचा डबा कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, हलका, कागदी फुग्यासारखा. हिरवं कार्ड कमी खातं, ते त्याच्यावर भागतं. लाल खादाड. जोर लावायची वेळ आली की ते जास्त मागतं आणि डबा हात टेकतो.

शेवटी हे त्यानं आप्पांना सांगितलं.

"संगमेशकडं कसला डबा आहे?"

"…मोठा."

"म्हणजे त्याच्याकडं लाल चालंल."

"पळंल."

"आणि तुझ्याकडं हिरवं?"

"…पळंल."

"मग अडलं कुठं?"

"अडलं कुठं?" मन्मथ उठून उभा राहिला. "आठ जीबी आहे त्याच्यात! हिरव्यात सहाच. आज दोन्ही सारखी वाटतात. पुढचे गेम आठ मागतील. मग संग्या पुढं आणि मी पुन्हा डबड्यात!"

"मग तू लाल ने."

"माझ्याकडं चालत नाही, सांगितलं की."

"डबा बदल."

"पैसे कुठायत? नोकरी लागल्यावर बदलीन."

"तवर?"

"तवर राहील पडून."

"आणि हिरवं संगमेशकडं जाईल."

"जाऊ दे. लाल तर नाही ना जाणार त्याच्याकडं!"

हे बोलून झालं. सुपात एक चिंचोका पडला, त्याचासुद्धा आवाज आला.

मन्मथला आपलं वाक्य आपल्याच कानांनी ऐकू आलं. असं झालं की माणूस एक तर खाली मान घालतो, नाहीतर भांडायला उठतो. मन्मथ भांडायला उठला.

"माझ्याकडं असं बघू नका आप्पा. हे मी आईच्या पोटातून शिकून आलो नाही. तुम्ही शिकवलं. तुम्ही सगळ्या म्हाताऱ्यांनी."

"मी काय केलं?"

"चौथीपासून ऐकायलोय. नागेशला किती, तुला किती? काकाचा नागेश. तो कुठं, तू कुठं. माझे मार्क वाढले की आमचा बाप पहिलं विचारणार, नागेशचे पण वाढले का? शिकवणीत फळ्यावर नावं लावायचे, वरून खाली. मधल्या पोराला तोंड कुठं लपवावं कळत नव्हतं. इंजिनिअरिंग सोडून घरी आलो त्या दिवशी बाप रडला. माझ्यासाठी रडला असं वाटलं मला. म्हणाला काय… आता भावाला तोंड कसं दाखवू?"

आप्पा ऐकत होते. हात थांबले होते.

"आणि एक सांगू का? दहावीच्या वर्षी नागेशला कावीळ झाली. पेपर बुडाले, नापास झाला तो. आमच्या बापानं गावभर पेढे वाटले. मला आधीपेक्षा कमी होते त्या वर्षी! तरी पेढे!"

"मठात पण आले होते," आप्पा म्हणाले.

"काय?"

"पेढे."

"…खाल्ले तुम्ही?"

"खाल्ले."

"तुम्हाला माहीत होतं? कशाचे ते?"

"माहीत होतं."

"आणि तरी…"

"चांगले होते."

एखादा बुवा निदान लाजला असता. 'तेव्हा माझी चूक झाली, बाळ,' असं काहीतरी गुळचट बोलला असता. मग मन्मथनं त्यालाही शिव्या घातल्या असत्या. पण हा म्हातारा नुसता बघत होता, बोटांना चिंचेचा काळा चिकटा, धोतरावर टरफलं.

"तुम्ही लोक ना…" मन्मथ म्हणाला. "उत्तर येत नसलं की गप्प बसता. आणि त्याला मौन म्हणता. आम्ही गप्प बसलो की ते उद्धटपण."

"खरंय."

"खरंय काय! सांगा मग! लाल का हिरवं?"

आप्पांनी हात धोतराला पुसले. पुढं वाकले. पंच्याची दोन्ही टोकं धरून पंचा सरकवला, हिरव्या कार्डासकट, मन्मथच्या पायापाशी. मशीनमधल्या लालकडं बोट दाखवलं.

"दोन्ही ने."

"…काय?"

"दोन्ही."

"आणि संगमेश?"

"त्याला मी बोलावलंय, ऊन उतरलं की ये म्हणून. येईल आणि जाईल."

"त्याला काय सांगणार?"

"मन्मथनं नेली म्हणून."

मन्मथ बघत राहिला. यात काहीतरी गोम असणार. म्हातारे सरळ कधी देत नाहीत, देताना मागं दोरी बांधून देतात.

"मी हिरवं वापरीन," तो म्हणाला. "लाल कपाटात ठेवीन."

"ठेव."

"धूळ खाईल ते."

"खाऊ दे."

"वर्ष दोन वर्षं. नंतर कोण विचारणार पण नाही त्याला. भंगारात जाईल."

"जाऊ दे."

"आप्पा, तुम्ही म्हणा की ओ, असं करू नको!"

"असं करू नको."

"का करू नको?"

आप्पांनी चिंच उचलली आणि फोडली.

मन्मथनं लाल कार्ड मशीनमधून उपटलं. दणादणा वायरी काढल्या. कॅबिनेट छातीशी धरून बाहेर नेलं, पायऱ्यांच्या वरच्या कडेला आदळलं. मॉनिटर नंतर नेता येईल. परत आत आला. हिरवं एका हातात घेतलं, लाल दुसऱ्या हातात.

हिरवं मशीनमध्ये बसवून टाकावं, एक हात मोकळा होईल, एवढी साधी गोष्ट. पण ती त्याच्यानं होईना. बसवायचं म्हणजे ठरवायचं.

"येतो," तो म्हणाला.

"ये."

"खरंच दोन्ही नेतोय."

"ने की."

तो निघाला. चार पावलं गेला आणि लालकडं पाहिलं. वजन जास्त होतं. पंखे मोठे. मग हिरव्याकडं पाहिलं. आटोपशीर, शहाणं, गुणी पोरासारखं. असल्या गुणी पोरांचा त्याला लहानपणापासून राग. पुन्हा लालकडं पाहिलं. दोन्ही मिळाली होती आणि छातीत अजून तेच चाललं होतं, या खांबापासून त्या खांबापर्यंत.

पायऱ्यांवर कुणाची तरी चाहूल लागली.

संगमेश वर येत होता. दम लागलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. शेवटच्या पायऱ्यांवर तो थांबला. मन्मथचा एक हात त्यानं पाहिला. मग दुसरा.

त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मन्मथला बरं वाटलं असतं. राग आला नाही. 'बरं' म्हटल्यासारखं तोंड झालं त्याचं, एवढंच. माइकवर बोलणारा तोच का हा, असं वाटावं असं.

"दोन्ही?" संगमेशनं विचारलं.

मन्मथ मान ताठ ठेवून पुढं झाला. नजर संगमेशवर, दोन्ही हात गुंतलेले, आणि पायात कॅबिनेटची लोंबणारी वायर.

वायर ताणली. कॅबिनेट कडेला डुगडुगलं. आणि पायऱ्यांकडं कललं.

"ए…!"

मन्मथ झेपावला. एका हातातलं कार्ड समोर खुपसलं.

"धर धर धर!"

संगमेशनं जे पुढं आलं ते एका हातानं छातीशी धरलं आणि दुसरा हात कॅबिनेटच्या तळाशी लावला. मन्मथनं मोकळ्या हातानं वरची कड पकडली. पत्रा बोटांत घुसला. क्षणभर सगळं तिथंच लटकलं. मशीन, दोन पोरं आणि खाली टेकडीचा उतार.

"सोडू नको."

"सोडलं नाही."

"वर घे."

"घेतोय बे. तू ओढ की."

"ओढायलोय!"

"जोर लाव, मन्म्या."

कॅबिनेट फरशीवर आलं. खर्रकन आवाज करत आत सरकलं. दोघंही तिथंच बसले, पायरीच्या कडेला, धापा टाकत. मन्मथच्या बोटातून रक्त आलं होतं. संगमेशनं ते पाहिलं आणि म्हणाला, "रुमाल आहे का तुझ्याकडं?"

"नाही."

"माझ्याकडं पण नाही."

एक कार्ड मन्मथच्या काखेत दाबलेलं होतं. एक संगमेशच्या हातात.

आत चिंच फुटल्याचा आवाज झाला.

"मन्मथ," आप्पांनी बसल्या जागेवरून विचारलं, "कोणतं दिलंस रे?"