बांधावरचं एक झाड

अवजारांना आणि झाडांना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. हौसाबाई आपल्या शेतात कांद्याचं बी धरायची. रानमोहरी काढून काढून आणि धार लावून लावून तिचं खुरपं निम्मं झिजलं होतं. वाफ्यांतली सगळी रानमोहरी ती उपटायची, पण बांधावरचं एक झाड दर वर्षी राखायची. त्याच्या पाल्याची भाजी व्हायची, पिवळ्या फुलांवर मधमाश्या यायच्या. मग त्याच्या शेंगा तडकायच्या आणि पुढच्या वर्षी शेतभर पुन्हा तेच.

"बाई, आता होत नाही माझ्याच्यानं," खुरपं म्हणालं. "तेवढं एक झाड काढून टाकू या."

"माझे तरी गुडघे कुठे राहिलेत?" म्हणत हौसाबाईने झाडाला हात घातला.

"रागावू नका," उपटलं जाता जाता झाड म्हणालं. "मला थोडंसं उगवणं जमतच नाही."

पुढच्या वर्षी चुकून आलेली चार रोपंही दोघांनी काढली. शेत स्वच्छ झालं. कांद्याच्या फुलांचे पांढरे गोंडे डोलू लागले, पण त्यांच्यावर एकही मधमाशी फिरकली नाही. वाळलेले गोंडे हौसाबाईने तळहातावर चोळले, तर बी नाहीच, नुसता भुसा निघाला.

थंडी पडली, तशी ती शेजारणीकडून मूठभर रानमोहरीचं बी मागून घेऊन आली आणि बांधावर बसली. खुरप्याने माती उकरून दिली.

बी मातीआड झाल्यावर त्याने विचारलं, "मग उपटायला कधीपासून यायचं?"

"पुढच्या वर्षीपासून," गुडघ्यांवर हात ठेवून उठत हौसाबाई म्हणाली. "तोवर तुला धार लावून आणते."