चेहरे हरवलेला उन्हाळा

एका राज्यात उन्हाळा लागला की माणसांचे चेहरे हरवत. चैत्राचे ऊन चढले, की साऱ्या पुरुषांचा चेहरा एक, साऱ्या बायकांचा एक, साऱ्या मुलांचा एक. आवाजही तसेच. राजा कोण, रखवालदार कोण. आई कोण, शेजारीण कोण. काही कळू नये. मृग नक्षत्र लागले, की ज्याचा चेहरा त्याला परत मिळे.

हा शाप राजाने आपल्या करणीने ओढवून घेतला होता. राजाचे नाव सुकेतू. तो रूपवान होता, आणि ते त्याला ठाऊक होते. एकदा शिकारीच्या मागे तो धूम्रगिरीवर चढला. तिथे धूमकेश नावाचा मांत्रिक एकटा राहत असे. मंत्रसाधनेच्या आगीत त्याचे तोंड होरपळले होते. दाराशी पाहुणा आला म्हणून तो हसतमुखाने बाहेर आला. राजाने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि त्याला हसू आवरेना.

धूमकेश म्हणाला, "राजा, ज्या चेहऱ्यांवरून तू माणसे जोखतोस, ते उन्हाळ्यात तुला ओळखू येणार नाहीत."

राजा घोड्यावर बसला आणि निघून आला. घरी त्याने कुणाला काही सांगितले नाही.

शाप फळला तो दिवस असा. राणी हेमांगी सख्यांसह नदीवर स्नानाला गेली होती. ऊन चढले. बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि किंकाळी फुटली. जिकडेतिकडे एकच चेहरा! त्या गोंधळात काठावरचे दागिने कुणी उचलले, शालू कुणी ओढला, कळले नाही. मग महालाच्या दाराशी बायकांची रीघ लागली. जी ती म्हणे, "मी राणी." कुणी लोभाने म्हणे, कुणी भयाने. राजा सज्जात आला. तो घाबरला होता. त्याने एकीलाही काही विचारले नाही. म्हणाला, "दार लावा."

दार लागले. एक बाई मात्र सांजेपर्यंत दारावर तळहात टेकून उभी राहिली. मग तीही गेली. मृग लागला, चेहरे परतले; राणी परतली नाही. राजकन्या तरला तेव्हा पाळण्यात होती.

वर्षे गेली. तरला वाढली ती बंद दारांमागे. चैत्र आला की राजा तिला आतल्या महालात ठेवी. सारखा चेहरा घेऊन कुणी आत शिरेल आणि पोर उचलून नेईल, हे त्याला भय. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, दारांना अडसर. बाहेरचे मूल आत येत नसे, आतले बाहेर जात नसे. तरला भिंतीशी चेंडू खेळे. भिंत चेंडू परत देई, बोलत मात्र नसे. आरशात पाहावे, तर तिथे राज्यातल्या साऱ्या मुलांचा चेहरा. ती त्याला विचारी, "तू कोण?" आणि मग आरशाकडे पाठ करून बसे.

तिच्याजवळ गोदा नावाची दासी असे. गोदाचे स्वतःचे मूल गावात होते. उन्हाळाभर तिलाही ते भेटत नसे. एके दुपारी तरला जेवेना, बोलेना, तेव्हा गोदाने पंचा भिजवला, तिच्या डोळ्यांवर बांधला आणि एक वाटी तिच्या नाकाशी धरली.

"ओळखा, राजकन्ये."

"काही नाही यात."

"घाई नको. पुन्हा."

तरलेने हळू श्वास घेतला. "गार आहे. मातीसारखं आहे, पण माती नाही... वाळा!"

गोदाने दुसरी वाटी धरली. ती ओव्याची होती. तिसरीत कैरीची साल होती, आणि ती ओळखताना तरलेच्या तोंडाला पाणी सुटले. ती त्या दिवशी जेवली.

तेव्हापासून दुपारी खेळ चालू लागला. गोदा सारख्या वासाच्या वाट्या मिसळून मांडी आणि तरला डोळे बांधून जोड्या लावी. सुंठीजवळ सुंठ, जायफळाजवळ जायफळ. कधी मरव्याची पुरचुंडी महालात कुठेतरी दडवलेली असे आणि तरला भिंती चाचपत, नाक पुढे करून ती हुडकून काढी. कधी दोन वास एका वाटीत असत, आणि दोन्हींची नावे सांगावी लागत. गोदा चुकून एकदा तिसरा घालून बसली, तर तरलेने तोही सांगितला. तो गोदाच्या बोटांना लागलेला लसूण होता.

पुढे वाट्या कमी पडू लागल्या. मग तरला माणसे ओळखू लागली. ज्याच्या अंगाला हिंगाचा वास तो आचारी. ओले गवत आणि गूळ, तो माहूत. एकदा डोळे बांधलेले असताना कुणी दारात येऊन उभे राहिले. बोलले नाही. तरलेने मान वळवली. चंदन होते, तलवारीला लावतात ते तेल होते, आणि त्यांच्याखाली कधीच न उघडणाऱ्या खोलीचा कोंदट वास होता.

"तात," ती म्हणाली.

राजा उंबऱ्यावरच खाली बसला. उन्हाळ्यात त्याला कुणी ओळखण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या दिवसापासून तो रोज दुपारी येई, वाट्या भरून देई आणि खेळ पाहत बसे.

अशाच एका दुपारी वाळ्याचा पडदा हलला आणि खिडकीत काहीतरी जड येऊन बसले. तरलेच्या डोळ्यांवर पंचा होता. ती म्हणाली, "उंबर. पिकलेलं."

"खरे आहे," खिडकीतला पक्षी म्हणाला. तो धनेश होता. मोठ्या पिवळ्या चोचीचा, आणि चोचीत खरोखर उंबर होते. त्याने ते खिडकीत ठेवले. "माझी सोबतीण धूम्रगिरीवरच्या झाडाच्या ढोलीत अंडी घेऊन बसली आहे. ढोलीचे तोंड लिंपलेले आहे. मी फटीतून तिला फळे भरवतो. तिथे जाता-येता मी पाहतो. धूमकेशाच्या अंगणात बायका ओळीने उभ्या आहेत, उन्हाळ्यात घरच्यांनी न ओळखलेल्या. सगळ्यांचा चेहरा एक. तिथे मृग लागत नाही. त्यांत या राज्याची राणी आहे."

राजा उठून उभा राहिला. "ती तिथे कशी गेली?"

"शाप धूमकेशाचा, हे तिला वाटेत गुराख्यांकडून कळले. तो मागे घे, असे सांगायला गेली. धूमकेश म्हणाला, 'ओळीत उभी राहा. तुझ्या माणसांपैकी कुणी येऊन तुला ओळखले, की शाप संपेल.' ती उभी राहिली. कुणी आले नाही."

"मी जातो," राजा म्हणाला.

"तुमची पाळी होऊन गेली, महाराज. ती तुमच्या दारात आली होती."

राजाने मान खाली घातली. तरलेने पंचा सोडला. ती म्हणाली, "मग मी जाते."

दुसऱ्या दिवशी ती निघाली. राजा तिचा हात धरून चालला. गोदा वेशीपर्यंत आली. वाटेत गावे लागली. दारे लावलेली, ओसऱ्या ओस, आणि बंद खिडक्यांच्या फटींतून मुलांचे डोळे बाहेर पाहत होते. कुणी कुणाला हाक मारत नव्हते, कारण हाकेला कोण ओ देईल याचा भरवसा नव्हता. वर धनेश पंखांचा घरघर आवाज करीत उडत होता. त्याच्या मागोमाग बापलेक धूम्रगिरीवर धूमकेशाच्या दाराशी आले.

दार आपोआप किलकिले झाले. आतून आवाज आला, "राजा बाहेर. मूल आत." राजाने हात सोडला. त्याची बोटे बराच वेळ तशीच अर्धवट वळलेली राहिली.

आत धूमकेश उभा होता, पण त्यालाही तोच एक चेहरा होता. तो म्हणाला, "तीन वेळा ओळखायचे. एकदा चुकलीस, तर तूही इथेच."

"बरे," तरला म्हणाली.

पहिल्यांदा तीन मडकी पुढे आली. तोंडाला सारखी फडकी बांधलेली. "एकात अंगणाची किल्ली आहे. बाकीच्यांत काय आहे, ते हात घातल्यावर कळेल." तरला पहिल्या मडक्यापाशी वाकली. कोवळ्या काकडीसारखा वास आला. तो सापाचा, हे गोदाने तिला सांगितले होते. दुसऱ्यातून मधाचा गोड वास येत होता, पण मधाआड गांधीलमाश्यांचा उग्र दर्प होता. तिसऱ्यातून ओल्या लोखंडाचा वास आला. तिने फडके सोडले, हात घातला आणि किल्ली काढली.

दुसऱ्यांदा धूमकेशाने टाळी वाजवली. एकाच्या जागी तीन धूमकेश झाले. "खरा कोण?"

तरला एकेकाजवळ गेली. पहिल्याला कसलाच वास नव्हता, दुसऱ्यालाही नव्हता. तिसऱ्यापाशी ती थांबली. तिथे धूप होता, जुनी राख होती, आणि करपलेल्या भाताचा वास होता. मूठभर तांदूळ चुलीवर ठेवावेत, आणि ते उतरवायची आठवण द्यायला घरात दुसरे कुणी नसावे, तसा.

"तुम्ही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तुम्ही एकटे जेवता."

इतर दोघे विरून गेले. धूमकेशाने अंगणाकडे हात केला.

तरलेने किल्लीने अंगण उघडले. पांढऱ्या उन्हात बायका ओळीने उभ्या होत्या; एकच चेहरा, एकच वस्त्र. त्यांना बोलण्याची मनाई होती. हात हलवण्याची, पापणी लववण्याचीही मनाई होती.

तरलेने डोळे मिटले आणि ती चालू लागली. एकीला ताकाचा वास, एकीला मेंदीचा, एकीला काजळाचा. ओळ संपली. ती परत फिरली, पुन्हा संपली. तेव्हा तिला एक गोष्ट कळली. आईचा वास तिला ठाऊकच नव्हता. तो शिकण्याआधीच दार लागले होते. इतक्या वाट्या तिने ओळखल्या, पण ही वाटी तिच्या नाकाशी कुणी धरलीच नव्हती.

ती खाली बसली आणि रडली. कुणी तिला जवळ घेतले नाही. घेणारी तिथेच होती, पण तिला हलता येत नव्हते.

"हरलीस?" धूमकेशाने विचारले.

तरलेने डोळे पुसले. "नाही. मला ती ठाऊक नाही. पण मी तिला ठाऊक असेन."

ती उठली. पहिल्या बाईपाशी गेली आणि टाचा उंचावून तिने तिच्यापुढे मस्तक वाकवले, एवढे की टाळू तिच्या नाकापाशी यावी. बाई तशीच उभी राहिली. तरला दुसरीकडे गेली, तिसरीकडे गेली. ऊन तापत होते. ती एकेकीपुढे वाकत होती आणि वाट पाहत होती.

बोलण्याची मनाई होती, हलण्याची होती. श्वास घेण्याची मनाई करायची मात्र धूमकेश विसरला होता. ओळीच्या शेवटाकडे एका बाईपुढे तरला वाकली आणि तिच्या केसांत एक श्वास ओढला गेला. खोल, लांब, थांबतच नव्हता. तहानेल्याने ओंजळीतले पाणी प्यावे तसा. मग तो थरथरत बाहेर आला आणि तरलेची टाळू उबेने भिजली.

"ही," तरला म्हणाली.

तिने ते म्हटले आणि बायकांचे चेहरे परत आले. कुणी तरुण होती, कुणी म्हातारी झाली होती. त्या एकमेकींना चाचपून पाहू लागल्या, हसू लागल्या, रडू लागल्या. तरलेपुढच्या बाईच्या कपाळावर बारीक आठ्या होत्या आणि एक भुवई अर्धी पांढरी होती. ती गुडघ्यांवर बसली आणि लेकीचे मस्तक दोन्ही हातांत धरून पुन्हा हुंगू लागली.

धूमकेशालाही त्याचा होरपळलेला चेहरा परत मिळाला. त्याने तो हाताने झाकला. दार उघडले होते. राजा आत आला आणि आधी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मी हसलो होतो," राजा म्हणाला. "मला क्षमा करा."

धूमकेशाने हात खाली घेतला. राजाने नजर वळवली नाही. "जा," मांत्रिक म्हणाला. "माझा मंत्र संपला." तो घरात गेला, आणि त्या डोंगरावर पुन्हा कुणाला काही अपाय झाला नाही.

मग राजा राणीकडे वळला. "मी तुला ओळखले नाही."

"तुम्ही विचारलेही नाही," राणी म्हणाली.

राजाने आपले उपरणे तिच्या डोक्यावर सावलीसाठी धरले आणि डोंगर उतरेपर्यंत धरून ठेवले. राणीने ते धरू दिले.

उतरताना गावोगावी अडसर निघत होते. भर उन्हात मुले बाहेर आली होती आणि नावाने हाका ऐकू येत होत्या. वेशीवर गोदा नव्हती. ती आपल्या मुलाकडे पळाली होती. राजाने तिच्या घरी धान्य आणि गाय धाडली, महालाच्या दाराचा अडसर काढून टाकायला लावला, आणि उन्हाळ्यात ते दार पुन्हा लागले नाही.

पण महालात पहिले काही दिवस तरला आईजवळ अंग चोरून बसे. राणीने एकदा विचारले, "माझा वास तुला कसा वाटतो?"

तरला खोटे बोलायला शिकली नव्हती. "परका."

"असू दे," राणी म्हणाली. तिने लेकीला ओढून जवळ घेतले नाही. जवळ आपले बसून राही. वेणी घालताना, चिंचा सोलताना, दुपारी पडल्या पडल्या. कधी तरला हात लांब करून तिच्या पदराचे टोक नाकाशी नेई आणि परत सोडून देई. राणी झोपेचे सोंग घेऊन पडून राही.

दिवस कुणी मोजले नाहीत. एकदा दुपारी तरलेला ताप भरला. ग्लानीत तिला कळेना, आपण कुठे आहोत, उजेड कुठला, अंधार कुठला. कुणीतरी कपाळावर गार पट्टी ठेवली. राजा पायथ्याशी उभा होता, दासी होत्या, वैद्य होता. सगळे एकदम बोलत होते. तरलेने डोळे उघडले नाहीत. त्या हाताकडे तोंड वळवले, मनगटाशी नाक टेकले, आणि ज्या हाकेला इतकी वर्षे तिच्या घरात कुणी धनी नव्हता, ती हाक मारली.

"आई."

"ओ," राणी म्हणाली.

तरलेला झोप लागली. पहाटे ताप उतरला. त्या राज्यात पुढे उन्हाळे पुष्कळ आले, कडक आले. कुणाचा चेहरा हरवला नाही, आणि कुणाची हाक रिकामी गेली नाही.