खंड्याबाईंच्या शाळेची चौकशी

बाळांनो, चौकशीला आलेल्यानं कुठवर आत शिरावं?

फार पूर्वी नदीच्या दरडीत खंड्याबाईंनी पिलांची शाळा काढली होती. घोरपड शिरू नये म्हणून बीळ अगदी अरुंद होतं. आतून घाण वास येतो, अशी तक्रार झाली. रानसभेनं मुंगूस आणि कासव यांना चौकशीला पाठवलं.

“दादा, मासळीचा वास आहे तो. विचाराल ते सांगते,” बाई म्हणाल्या.

“सांगाल हो! मी आत बघणार,” म्हणत मुंगूस दरड उकरू लागलं.

“अरे, सभेनं विचारायला पाठवलंय, उकरायला नाही!” कासव किंचाळलं.

आत नुसती पिलं आणि माशांचे काटे होते.

“सगळं ठीक आहे,” म्हणून मुंगूस निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकरून रुंद झालेल्या त्या बिळातून घोरपड बाहेर आली. आत एकही पिलू उरलं नव्हतं.