कर्दळीला मिळालेलं पाणी

वेळ सकाळी अकराची, जागा गावाबाहेरचा ओढा. झाडं आणि जनावरं एकमेकांशी बोलत, त्या काळी इथे सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीचं उद्घाटन झालं. टाकीतल्या खडीत कर्दळ लावली होती. गटाराचं पाणी तिनं शोषायचं आणि निवळलेलं पाणी ओढ्यात सोडायचं, असं ठरलं होतं. पाहुण्यांनी टाकीतून आलेल्या पाण्यानं काचेचा पेला भरून उन्हात धरला. टाळ्या झाल्या आणि मंडळी जेवायला गेली.

ओढ्यातली खेकडीण मात्र फणफणत वर आली. तिची पिल्लं काळ्या पाण्यात गुदमरत होती.

"कर्दळीबाई, नटूनथटून उभ्या आहात, कामाचं काय?"

"मला घाण द्या ना कुणीतरी," कर्दळ कळवळून म्हणाली. "आठ दिवस विहिरीच्या पाण्यावर ठेवलंय. आज तर बादल्याच ओतल्या."

"म्हणजे पाहुण्यांनी विहिरीचंच पाणी पाहिलं?"

"हो. किती स्वच्छ झालंय, म्हणाले."

खेकडीण तिरकी तिरकी चालत गटाराच्या टोकाशी गेली. गटार थेट ओढ्यात उतरत होतं. तिथून टाकी नऊ हातांवर होती आणि मधे पाइप टाकलेलाच नव्हता. तो कुणी टाकायचा होता, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.