साळिंदरीची भिंत

फार पूर्वी एका डोंगरउतारावर सगुणा नावाची साळिंदर राहत होती. तिच्या बिळाची एक भिंत ढासळू लागली होती आणि पिल्लं व्हायला तर पंधराच दिवस उरले होते.

बिळं दुरुस्त करणारा मुंगूस न बोलावताच आला. “वहिनी, अख्खं बीळच पाडून नवं करू. दोन दिवसांत देतो. माझ्या कामाबद्दल आजवर एकाचीही तक्रार नाही.”

“तुम्ही केलेलं एखादं बीळ बघायला मिळेल?”

“ती मंडळी आता लांब राहायला गेली,” मुंगूस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगुणाने हेच काम करणाऱ्या खवले मांजराला बोलावलं. त्याने बराच वेळ भिंती ठोकून पाहिल्या. “एवढ्याच भिंतीची माती सैल आहे. बाकी बिळाला हात लावायची गरज नाही. आठ दिवस लागतील. पण आधी ओढ्याकाठच्या घोरपडीला विचारून या, तिचं बीळ मीच दुरुस्त केलंय.”

सगुणा अवघडलेल्या पावलांनी ओढ्यावर गेली. घोरपड म्हणाली, “काम बरं आहे. एका कोपऱ्यातून मात्र पाणी झिरपलं होतं. निरोप धाडला, तर त्याच दिवशी येऊन त्याने तो बुजवून दिला.”

सगुणा परतली, तेव्हा मुंगूस दारातच उभा होता. “मग, करू सुरुवात?”

“नको, भाऊजी. काम मी खवले मांजराला देतेय.”

“त्याच्या कामात पाणी झिरपतं, माहीत आहे ना?”

“माहीत आहे,” सगुणा म्हणाली. “बोलावल्यावर तो परत येतो, हेही आजच कळलं.”