तानीच्या मुठीतल्या अक्षता

ऐका बायांनो, अक्षता हाती घ्या. साऱ्या आळीत माझ्यासारखा कहाणी सांगणारा दुसरा नाही. खोटं कशाला बोलू, कहाणी बायकोची, चष्माही तिचाच; माझा नुसता घसा.

आटपाट नगर होतं. तिथं वैद्य उदंड, बसायला बाकं कमी. त्या नगरात दुर्पदा कासारीण होती. तिची लहानगी लेक तानी. एके दिवशी तानीला धाप लागली. छातीचा फोटो काढला. फुप्फुसात गाठ निघाली. लाखांत एखाद्या लेकराला होणारी, नि घोड्यावर बसून वाढणारी. शस्त्रवैद्यानं ती कापली. म्हणाला, "बाई, पुढं औषध घ्यावं लागेल." पण सासरा मोठा उतावळा. "गाठ गेली, आता कसलं औषध! टाका अक्षता, वाढा लाडू!" औषध राहून गेलं, घरात पूजा मांडली. पूजेची कहाणी निम्मी, तोच अक्षता पडल्या. सासऱ्यानं तीन लाडू हाणले.

मग काय झालं? गाठ परत आली.

दुर्पदाच्या काळजाचं पाणी झालं. पोर कडेवर घेतली, थोरल्या दवाखान्यात गेली. तिथं तीन वैद्य. शस्त्रवैद्य म्हणे, मी कापतो. सलाईनवाला म्हणे, मी औषधानं विरघळवतो. शेकवाला म्हणे, मी किरणांनी जाळतो. तिघांच्या मिशा ताठ. दुर्पदा म्हणाली, "बाबांनो, एकट्यानं भागलं असतं तर मी परत कशाला आले असते? एका पंगतीला बसा. आधी कुणी वाढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

तिघं वरमले. मग आधी औषध दिलं, गाठ आकसली. मग सुरी चालवली, गाठ निघाली. मग शेक दिला, वर पुन्हा औषध. पोरीचे केस गेले, घास उतरेना. सासरा म्हणे, "पुरे की आता!" दुर्पदा उतली नाही, मातली नाही, पंगत सोडून उठली नाही. वर्ष फिरलं. फोटोत गाठ दिसेना.

मग दुर्पदानं पूजा मांडली. आयाबाया जमल्या. सासऱ्यानं पोथी ओढली, एक डोळा लाडवांवर ठेवला, नि सूर लावला: "जशी तानीची पीडा टळली, तशी तुमच्या लेकरांची टळो. साठां बोलांची कहाणी, पांचा बोलांत सांगितली, फळली, पुरी झाली. टाका अक्षता!"

सगळ्यांनी टाकल्या. तानीनं मूठ उघडली नाही.

"टाक की गं भवाने, लाडू खोळंबलेत!"

"मागल्या खेपेलाही तुम्हीच टाकायला लावल्या होत्या, आजोबा. पुढल्या महिन्यात परत फोटो आहे. तुम्ही लाडू खा. माझ्या अक्षता राहू देत मुठीत."